कागदपत्रांचा कोपरा : सनद बॅगेत मावते का?



गेल्या अंकात कॅनडाच्या अर्जाबद्दल आम्ही दोन पाने खरडली आणि तेव्हापासून जो भेटेल तो काहीतरी विचारू लागला आहे. इंजिनियर मंडळींचे प्रश्न नेहमीचे होते, त्यांची उत्तरेही नेहमीच्याच ठिकाणी मिळतात. पण तीन प्रश्न वेगळे निघाले. तिन्ही वहिनींचे, आणि तिन्हींचा मजकूर एकच : "मी तिकडे वकिली करू शकेन का हो?"

आपल्या धाहरान-खोबर-दम्माममधल्या मराठी घरांत हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच आहे. नवऱ्याच्या इकाम्यावर 'इंजिनियर', बायकोच्या इकाम्यावर नुसतेच नवऱ्याचे नाव, आणि बायकोची महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद पुण्याच्या नाहीतर नागपूरच्या गोदरेज कपाटात, काळ्या कोटाखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. कोणी दोन-तीन वर्षे जिल्हा न्यायालयात सिनियरच्या मागे फाइली घेऊन हिंडलेल्या, तारखा घेतलेल्या. कोणाची सनद आली आणि पंधरा दिवसांत लग्न लागले. इथे आल्यावर शाळेची बस, डबे, मंडळाचा गणपती. दहा-बारा वर्षे अशी जातात. मग एक दिवस कंपनीचे पत्र येते किंवा मुलगी बारावीला पोचते आणि जेवणाच्या टेबलावर 'कॅनडा' हा शब्द सुरू होतो. त्यात नवऱ्याच्या नोकरीचा विचार होतो, मुलांच्या कॉलेजचा होतो. सनदेचा विचार शेवटी होतो, तोही "तिकडे बघू काहीतरी" एवढाच.

आम्ही रसायनशास्त्रातले. कायद्याशी आमचा संबंध प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या सूचनांपुरता. तेव्हा हा वकिली सल्ला समजू नये. परंतु नियम वाचून ते सरळ भाषेत सांगणे हे या कोपऱ्याचे कामच आहे, म्हणून या वेळी तेवढाच एक विषय घेतला आहे.

परदेशची पदवी आणि इथला दरवाजा हे भांडण नवे नाही, आणि त्याची सगळ्यात जुनी नायिका आपल्याच मुलखातली आहे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परीक्षा दिली, पण पदवी नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड बायकांना पदवी देत नसे. बाई परत आल्या. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाल्या, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा दिली, तरीही कोर्टाचे दार बंदच. शेवटी ऑक्सफर्डची पदवी हातात पडली १९२२ साली, आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे परीक्षा आणि वकिली यांच्यात तीस वर्षे! या तीस वर्षांत त्या गप्प बसल्या नव्हत्या. बंगालमध्ये सरकारच्या वतीने पडद्यातल्या जमीनदार बायकांच्या इस्टेटींचे कज्जे त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. काम वकिलाचे, नाव मात्र वकिलाचे नाही. आपल्या ओळखीच्या किती वहिनी खोबरमधल्या एखाद्या कंपनीची करारपत्रे 'असिस्टंट' म्हणून तपासत बसल्या आहेत, ते आठवून पाहा.

कॅनडाचा इतिहासही फार सोज्वळ नाही. ब्रिटिश कोलंबियात मतदार यादीत नाव असल्याशिवाय वकिली करता येत नसे, आणि चिनी, जपानी व हिंदी लोकांना तिथे मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे थेट मनाई न लिहिता मनाई. (फार्मसीलाही हाच नियम होता, त्यामुळे आमच्यासारख्यांचीही डाळ शिजली नसती.) हिंदी लोकांना त्या प्रांतात मत मिळाले १९४७ साली. त्यानंतरही 'वकील व्हायचे तर कॅनडाचे नागरिक असले पाहिजे' ही अट राहिलीच. ती मोडली एका इंग्रज माणसाने. मार्क अँड्र्यूज, ऑक्सफर्डचा कायदा शिकलेला, कॅनडात कायमचा रहिवासी, बाकी सर्व अटी पूर्ण, फक्त नागरिक नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ फेब्रुवारी १९८९ रोजी जिंकला. कॅनडाच्या सनदेतल्या समानतेच्या कलमावर त्या कोर्टाने दिलेला हा पहिला निकाल. पासपोर्ट भारतीय असला म्हणून वकिली अडत नाही, याचे मूळ या निकालात आहे. आपल्या वहिनींनी मार्करावांना मनातल्या मनात एक तिळगूळ द्यायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष रस्ता. पहिली गोष्ट अशी की 'कॅनडाचा वकील' असा कोणी नसतो. वकिली हा प्रांतांचा विषय आहे. देशभरात चौदा लॉ सोसायट्या आहेत : दहा प्रांत, तीन प्रदेश, आणि क्वेबेकच्या एकट्याच्या दोन, कारण तिथे वकील वेगळे आणि नोटरी वेगळे. क्वेबेकचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे, त्यामुळे तिथली वाटच निराळी; माँट्रियलला जायचे असेल तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्या कामाचा नाही. बाकी ठिकाणी इंग्रजी वळणाचा कायदा चालतो, म्हणजे आपल्याकडचाच मूळ साचा. हे आपले मोठे भांडवल आहे. करार, दिवाणी अपकृत्ये, पुरावा यांचे पायाभूत धडे पुण्याच्या आयएलएसमध्ये शिकलेल्या बाईला टोरांटोत परके वाटणार नाहीत.

परदेशी पदव्यांची पारख करणारी समिती मात्र देशभर एकच. तिला सर्वजण एनसीए म्हणतात. तुमची पदवी, गुण, सनद आणि अनुभव पाहून ही समिती सांगते की तुम्ही अमुक इतके विषय कॅनडाचे म्हणून पुन्हा द्या. आपल्याकडच्या पदवीधरांना सहसा पाच विषय ठरलेले : प्रशासकीय कायदा, राज्यघटना, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याचा पाया आणि व्यावसायिक आचारनीती. गुणपत्रक पाहून यात आणखीही भर पडू शकते. शिवाय २०२२ पासून कायदेविषयक संशोधन आणि लेखनाची अट आहे. हे विषय स्वतः अभ्यास करून परीक्षेने देता येतात किंवा तिथल्या विद्यापीठात वर्ग करून. टोरांटो आणि यॉर्क विद्यापीठांत, तसेच व्हँकुव्हरच्या युबीसीत यासाठी सोयीचे एलएल.एम. अभ्यासक्रम आहेत, पण त्यांची फी ऐकून आमचे तरी डोळे पांढरे झाले.

परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असते. हे ऐकून एका वहिनींनी "मग सोपेच की!" म्हटले. तसे नाही. आपल्याकडे 'अपेक्षित' प्रश्न पाठ करून कलमे धडाधडा लिहिली की गुण पडतात. तिथे एक किचकट गोष्ट देतात : अमक्याचा तमक्याशी व्यवहार झाला, अधिकाऱ्याने असे पत्र दिले, आता सल्ला द्या. तीन तासांत पुस्तक चाळत बसलात तर घड्याळ पुढे आणि तुम्ही मागे. पास व्हायला पन्नास टक्के लागतात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला वाटते ती ही, की या परीक्षा आता घरबसल्या, संगणकावर, देखरेखीखाली देता येतात. कॅनडात असणे गरजेचे नाही. टोरांटोत सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात सहा. अगदी चहाची वेळ. आमचे प्रामाणिक मत असे की हे विषय धाहरानला असतानाच उरकावेत. इथे आज पगार चालू आहे, घर कंपनीचे आहे, मुले शाळेत आहेत. फायनल एक्झिट मारून तिकडे उतरल्यावर पहिली दोन वर्षे भाडे, बर्फ आणि नवऱ्याची नोकरी यांतच जातात. त्या काळात बायको दुकानाच्या काउंटरवर उभी राहते आणि पुस्तके खोक्यातून बाहेरच येत नाहीत. असे झालेल्या दोन-तीन घरांची हकिगत आम्हाला माहीत आहे. त्या वहिनींची हुशारी कमी नव्हती, त्यांना वेळ मिळाला नाही.

दुसरा घोटाळा इथेच मिटवू. इमिग्रेशनच्या अर्जासाठी पदवीचे जे मूल्यांकन लागते (बहुतेक जण डब्ल्यूईएसकडून करून घेतात) ते वेगळे आणि एनसीएचे वेगळे. पहिल्याने अर्जात गुण मिळतात, वकिलीच्या वाटेवर त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याने वकिलीची वाट उघडते, इमिग्रेशनचे गुण वाढत नाहीत. दोन्ही ठिकाणी विद्यापीठाने गुणपत्रके परस्पर पाठवायची असतात, म्हणून लोकांना ते एकच वाटते. आणखी एक सांगून ठेवतो : २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या पत्राचे जादा गुण एक्स्प्रेस एन्ट्रीतून काढून टाकले आहेत. तेव्हा "वकिलाच्या ऑफिसातले ऑफर लेटर मिळवून देतो, गुण वाढतील" असे कोणी सांगितले तर चहा पाजून त्याला परत पाठवा.

अभ्यासाचे पुस्तक उघडल्यावर ज्याच्यापासून सुटका नाही असा एक खटला आहे, आणि तो इतका रंजक आहे की कायदा न शिकलेल्यांनीही ऐकावा. अलेक्झांडर वाविलोव्ह नावाचा मुलगा १९९४ साली टोरांटोत जन्मला. आईवडील कॅनेडियन नाव-गावाचे, साधे मध्यमवर्गीय. पुढे कुटुंब अमेरिकेत गेले. २०१० साली दारावर पोलीस आले आणि मुलाला कळले की आईवडील रशियाचे हेर आहेत आणि त्यांची नावे दुसऱ्याच कोणाची आहेत! २०१४ साली कॅनडाच्या अधिकाऱ्याने मुलाचे नागरिकत्वच रद्द केले. कारण दिले की परदेशी सरकारच्या नोकरांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळत नाही. १९ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला : ते कलम राजदूत वगैरे विशेष संरक्षण असणाऱ्यांसाठी आहे, चोरून राहणाऱ्या हेरांसाठी नव्हे, आणि अधिकाऱ्याने याचा नीट विचार केलेला दिसत नाही.

पण हेरगिरीमुळे हा खटला गाजला एवढ्यासाठी तो शिकवत नाहीत. सरकारी अधिकाऱ्याचा निर्णय कोर्टाने कसा तपासायचा, याची सगळी मांडणी त्यात नव्याने केली आहे. ढोबळ अर्थ असा : कोर्ट साधारणपणे अधिकाऱ्याच्या जागी बसून नवा निर्णय देत नाही; पण अधिकाऱ्याने दिलेली कारणे तर्काला धरून, कागदपत्रांना धरून आणि कायद्याला धरून आहेत का हे बघते. नसतील तर निर्णय रद्द करून प्रकरण सहसा परत पाठवते. आजीचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, मुलीचा स्टुडंट व्हिसा नाकारला, अशी पत्रे आपल्यातल्या किती घरांत आली आहेत! त्या पत्रावर फेडरल कोर्टात दाद मागायची झाली तर वकील पहिल्याच पानावर वाविलोव्हचे नाव घेतो. त्यामुळे प्रशासकीय कायदा हा विषय आपल्या वहिनींनी कंटाळवाणा म्हणून शेवटी ठेवू नये. पुढे त्यांचे अशिलही बहुधा आपल्यासारखेच लोक असणार.

नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता : कॅनडाचा पासपोर्ट घेऊन पुन्हा आखातात नोकरीला आलेली काही घरे आपल्यात आहेत. परदेशात जन्मलेल्या कॅनेडियनचे मूलही परदेशातच जन्मले तर त्याला नागरिकत्व नाही, असा २००९ पासून नियम होता. ऑन्टारिओच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला आणि २०२५ साली संसदेने कायदा बदलला. आईवडिलांपैकी जो कॅनेडियन आहे त्याचे कॅनडात एकूण १०९५ दिवसांचे वास्तव्य, ही आता पुढच्या जन्मांसाठीची कसोटी आहे. संबंधितांनी जुन्या पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवावेत.

एनसीएचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे वकील झालात असे नाही. ते फक्त प्रांताच्या दारापर्यंत नेते. ऑन्टारिओत (तिथली लॉ सोसायटी १७९७ सालची, नाव बदलले २०१८ साली) बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा, आणि शिवाय आर्टिकलिंग. आपल्याकडे सीएच्या मुलांची आर्टिकलशिप असते तसेच. कोणा वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची. सगळ्यांची गाडी अडते ती इथे. परीक्षा बुद्धीवर निघते, पण उमेदवारीला कोणी घ्यावे लागते. आणि तिथे ज्याचे वडील, काका, कॉलेजचे प्राध्यापक त्याच गावात आहेत त्याच्याशी आपली स्पर्धा. यावर तोड म्हणून २०१४ पासून ऑन्टारिओत दुसरा मार्ग आहे : चार महिने प्रशिक्षण आणि चार महिने प्रत्यक्ष काम. परदेशातून आलेल्यांना त्याचा चांगला आधार झाला आहे. ब्रिटिश कोलंबियात उमेदवारीबरोबर दहा आठवड्यांचा वेगळा वर्ग असतो. अल्बर्टा, सस्काचेवान, मॅनिटोबा यांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. तेव्हा आधी प्रांत ठरवावा. नवऱ्याची नोकरी कॅल्गरीत आणि बायकोची तयारी टोरांटोची, असे होऊ देऊ नये.

ज्यांनी भारतात खरोखर वकिली केली आहे त्यांना ऑन्टारिओत अनुभवाच्या जोरावर आर्टिकलिंगमधून सवलतीसाठी अर्ज करता येतो. पण अनुभव सिद्ध करावा लागतो, आणि आपल्याकडे ज्युनियरला पगाराची पावती कोण देतो? म्हणून सुट्टीवर जाल तेव्हा जुन्या सिनियरना भेटा. तुमच्या सहीची वकीलपत्रे, तुमच्या हजेरीचे रोजनामे, यांच्या नकला काढून घ्या. सिनियर हयात आणि ठणठणीत आहेत तोवर सविस्तर पत्र घ्या. नुसते "ही मुलगी कामसू आणि सुशील आहे" असले पत्र नको, कोणत्या कोर्टात, कोणत्या प्रकारची, कधीपासून कधीपर्यंत, असे पाहिजे. बार कौन्सिलकडून सनदेची सद्यस्थिती सांगणारे प्रमाणपत्रही लागते. ज्यांनी मधल्या काळात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली त्यांना भारतीय नियमानुसार सनद स्थगित करावी लागते. ती केली आहे का, हे आधी पाहून घ्यावे. तिथल्या लॉ सोसायटीला चारित्र्याची फार काळजी. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे असे निघाले तर परीक्षेतले गुण उपयोगी पडत नाहीत.

ही काळजी उगाच नाही. मार्च २०२२ मध्ये ऑन्टारिओच्या वकिली परीक्षेचा मजकूर फुटल्याचा संशय आला, परीक्षा पुढे ढकलली गेली आणि बऱ्याच उमेदवारांची चौकशी झाली. वकील झाल्यावरही तेच. २०२४ साली ब्रिटिश कोलंबियात एका वकिलाने चॅटजीपीटीने रचलेले दोन निकाल खरे समजून कोर्टात सादर केले. असे खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी त्या गोंधळाचा खर्च वकिलाच्या खिशातून भरायला लावला. आमच्या क्षेत्रात न केलेल्या प्रयोगाचे आकडे वहीत लिहिणाऱ्याला जे म्हणतात तेच इथे म्हणावे लागेल. नव्या उमेदवारांना हे प्रकरण हल्ली आवर्जून सांगितले जाते.

पूर्ण वकिली झेपणार नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मधल्या जागा आहेत. ऑन्टारिओत पॅरालीगलना २००७ पासून स्वतंत्र परवाना मिळतो. ते वाहतुकीचे दंड, भाडेकरूंचे वाद आणि छोटे दिवाणी दावे चालवतात, आणि त्या छोट्या दाव्यांची मर्यादा २०२५ साली पन्नास हजार डॉलर झाली आहे, म्हणजे काम काही छोटे राहिलेले नाही. दुसरी जागा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराची. त्यांची नियामक संस्था नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार वकील, क्वेबेकचे नोटरी आणि हे परवानाधारक सल्लागार यांनाच (वकिलाच्या देखरेखीखालचे उमेदवार आणि ऑन्टारिओचे पॅरालीगल धरून). खोबरमध्ये मॉलच्या वरच्या मजल्यावर कॅनडाचा झेंडा लावून बसलेल्यांकडे परवाना क्रमांक विचारा, आणि तो संस्थेच्या यादीत स्वतः शोधून पाहा. मगच खिशात हात घाला.

"एवढे करण्यापेक्षा परत पुण्यालाच जाऊन कोट घातला तर?" असेही एकींनी विचारले. जरूर. पण अभ्यास तिथेही चुकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि आपल्या सिनेमांनी अजरामर केलेले ४२० झाले ३१८. आणि इथेच, सौदीत? इथल्या कोर्टात अरबी आणि सौदी नागरिक वकील. त्यांच्यातही स्त्रियांना पहिले परवाने २०१३ साली मिळाले. मात्र इथला दिवाणी व्यवहाराचा कायदाही आता सलग लिहून काढला गेला आहे, डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे, आणि कंपन्यांना करार वाचणारी माणसे लागतात. ज्यांना अजून तीन-चार वर्षे इथे काढायची आहेत त्यांनी हे काम हलके समजू नये. अर्जात लिहिता येते.

चाळिशीत पुन्हा ज्युनियर व्हायचे, पंचविशीच्या मुलाने "हे टाइप करून द्या" म्हटले तर द्यायचे, हे सोपे नाही, आणि ते सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरातल्यांनी एवढे तरी समजावे की परीक्षेच्या संध्याकाळी डबा, भाजी आणि पाहुणे हे विषय तिच्यापुढे काढायचे नसतात.

तिघींपैकी दोघींनी प्रशासकीय कायदा एकत्र वाचायचे ठरवले आहे : दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, खोबरमध्ये. आणखी कोणी असल्यास मंडळाच्या सचिवांना सांगावे. तिसऱ्या वहिनींच्या विद्यापीठाने तीन महिने झाले तरी गुणपत्रकाच्या अर्जाला उत्तर दिलेले नाही. डिसेंबरच्या सुट्टीत नागपूरकडे कोणी जाणार असेल आणि एक दिवस रांगेत उभे राहायची तयारी असेल, तर अधिकारपत्र तयार आहे.